स्टंट सायकल पुन्हा धावती करताना : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

दादाने पाठवलेलं खोकं आज उघडलं : आमची लहानपणची खेळण्यातली स्टंट सायकल. टेबलावर जुना कागद अंथरून सगळे भाग मांडून ठेवले. पांढऱ्या प्लॅस्टिकची मोटारसायकल, तिला वेग देणारा हँडलवाला लाँचर आणि पांढऱ्या कापडी सूटमधला स्वार. हेल्मेटही आहे, म्हणजे इतकी वर्षं दादाने काहीही हरवू दिलेलं नाही.

तब्येत अशी : लाँचरचं हँडल फिरतं, पण आत दात घसरल्याची करकर ऐकू येते आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. मागचं चाक बोटाने फिरवलं तर लगेच थांबतं. स्वाराचा उजवा गुडघा आणि डावा कोपर लुळे पडलेत. स्टिकर जागेवर आहेत, कडा उचलल्या आहेत. पुढच्या फोर्कवर ओरखडे, टाकीच्या एका बाजूला लांब घासलेला पट्टा.

काय करायचं ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह होणार नाही. ही गाडी काचेच्या कपाटासाठी दुरुस्त करायची नाही. ती धावली पाहिजे, फळीवरून उडाली पाहिजे, आपटली पाहिजे आणि स्वाराला उचलून पुन्हा बसवता आलं पाहिजे. त्यासाठी लागेल ते सगळं करायचं आणि त्यापलीकडे कशालाही हात लावायचा नाही.

१५ जानेवारी

मामांनी अमेरिकेहून ही गाडी आणली तेव्हा इव्हल कनीव्हल कोण, हे आम्हा दोघांना अजिबात ठाऊक नव्हतं. टीव्हीवर त्याची एकही उडी आम्ही पाहिलेली नव्हती. आमच्यासाठी तो फक्त खोक्यावरच्या चित्रातला माणूस होता. गाडीवर प्रेम जडलं ते गाडीमुळेच. मोठेपणी वाचत गेलो तशी बाकीची गोष्ट कळली.

इव्हल हे टोपणनाव. मोटारसायकलवरून लांब उड्या मारणारा हा अमेरिकी स्टंटमन, रॉबर्ट क्रेग कनीव्हल, १९३८ साली माँटाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावी जन्मला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी त्याने लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसच्या कारंज्यांवरून उडी मारली, पलीकडे उतरताना आपटला आणि कंबरेचं, मांडीचं हाड मोडून घेतलं. त्या आपटण्यानेच तो देशभर प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या आयडियल टॉय कंपनीने १९७२ साली त्याची वाकवता येणारी बाहुली काढली आणि १९७३ साली तिच्यासाठी ही स्टंट सायकल. आयडियल म्हणजे मॉरिस आणि रोझ मिक्टम या जोडप्याची कंपनी. अमेरिकेत टेडी बेअर घरोघरी नेण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं तेच हे दोघे. पुढे १९८० साली रुबिकचा क्यूब जगभर पोचवला तोही याच कंपनीने. खेळणं मुलाच्या हातात कसं बसेल याची पारख या लोकांना होती, हे गाडी हातात घेतल्यावर आजही जाणवतं.

त्या काळातल्या बहुतेक बाहुल्या नुसत्या उभ्या राहायच्या. ही पळायची. सगळा फरक तिथे होता.

१९ जानेवारी

मागचं चाक सोडवलं. या खेळण्याचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीत ना बॅटरी आहे ना चावीची स्प्रिंग. मागचं चाक जड आहे, तेच फ्लायव्हील. गाडी लाँचरवर बसवायची, हँडल गरागरा फिरवायचं, लाँचरच्या आतले गिअर हाताचा वेग कितीतरी पटींनी वाढवून चाकाला देतात. पुरेसा वेग आला की गाडी सुटते आणि चाकात साठलेल्या ऊर्जेवर पळत राहते. फ्लायव्हीलचा हिशेब असा की वेग दुप्पट केला तर साठलेली ऊर्जा चौपट होते. लहानपणी हँडलचे शेवटचे काही फेरे दात-ओठ खाऊन का मारायचो, ते आता कळतं. गाडी कुठवर जाणार, ते याच फेऱ्यांवर ठरायचं. वजन चाकाच्या कडेकडे असलं तर आणखी फायदा, कारण तेच वजन आसापासून दुप्पट लांब ठेवलं की त्याचं जडत्वही चौपट होतं.

याच चाकामुळे गाडी उभी राहते. भोवऱ्यासारखंच, फिरणारं जड चाक आपला आस सहजासहजी कलू देत नाही. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे, कलायला लागल्यावर ते काय करतं. गाडी डावीकडे झुकली तर फिरणारं चाक तिला डावीकडे वळवतं, म्हणजे ज्या बाजूला पडणार त्याच बाजूला ती वळसा घेते आणि त्या वळणातच सावरते. म्हणून फळीवरून उतरताना वाकडी पडलेली गाडीसुद्धा भिंतीकडे मोठा वळसा घेत पळत राहायची. आम्हाला वाटायचं, स्वारच तिला सावरतोय.

चाकाच्या आसाभोवती जुनं वंगण सुकून तपकिरी झालंय, त्यात केस आणि सतरंजीचे धागे. कोरड्या ब्रशने सुटलं तेवढं काढलं, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने, तेही फक्त धातूवर. पेट्रोल किंवा थिनर प्लॅस्टिकच्या जवळ नेलं नाही. वर्षानुवर्षं ताण सोसलेल्या जुन्या प्लॅस्टिकला असली द्रव्यं लागली की बारीक भेगा पडतात आणि त्या लगेच दिसतही नाहीत.

२ फेब्रुवारी

लाँचर उघडला. मोठा गिअर ठीक आहे. छोट्याचे दात एका बाजूला पार झिजलेत.

बदली गिअर निवडताना अमेरिकी मापाचा विचार करावा लागतो. तिकडे गिअर डायमेट्रल पिचमध्ये मोजत, म्हणजे एक इंच व्यासामागे किती दात. आपल्याकडे सहज मिळतात ते मॉड्यूल या मिलिमीटरमधल्या मापाचे. २५.४ ला पिचने भागलं की मॉड्यूल येतं. उदाहरणार्थ ३२ पिच म्हणजे ०.७९, आणि त्याच्या सर्वांत जवळचा मेट्रिक गिअर ०.८ चा. फरक नगण्य वाटतो, पण इतक्या वेगात तो दातांवरच येतो आणि मग करकर पुन्हा सुरू. म्हणून जुना गिअर कॅलिपरने मोजून, न झिजलेल्या बाजूवरून दाताचा आकार घेऊन, ओळखीच्या टर्नरकडे ॲसिटल या टणक प्लॅस्टिकमध्ये कापायला दिला. थ्रीडी प्रिंटचाही पर्याय होता. घरगुती प्रिंटरच्या गिअरमध्ये थरांचे सांधे राहतात आणि झटका बसला की दात त्याच सांध्यावर तुटतात. हँडलचे ते शेवटचे फेरे म्हणजे झटकेच.

९ फेब्रुवारी

आज स्वार.

त्याच्या अंगात तार आहे, वर मऊ व्हिनाइल. हात वर केला तर वर राहतो, पाय वाकवून पेडलवर ठेवला तर तिथेच राहतो. सांध्यांच्या बाहुल्या खडखडतात, हा घट्ट बसतो. मुठी हँडलबारवर अडकवल्या की पोरगं कितीही हलवो, तो गाडी सोडत नाही. आणि गाडी आपटली की मात्र सुटून लांब जाऊन पडतो, हात-पाय भलत्याच दिशांना.

ते पडणंच आमचा मुख्य खेळ होता. ड्रॉइंगचा बोर्ड पुस्तकांच्या चळतीला टेकवून चढण करायची, समोर खेळण्यातल्या मोटारी ओळीने उभ्या करायच्या. दादा समालोचक, आधी सगळ्यांना शांत करायचा. हँडल मी मारायचो. गाडी सुटायची, बोर्डावर चढायची, मोटारींवरून जायची आणि बहुतेक वेळा पलीकडे कोलमडायची. एक क्षण दोघंही गप्प. मग दादा धावत जाऊन स्वाराला उचलायचा, त्याचा मागे वळलेला पाय सरळ करायचा, आणि जाहीर करायचा, "जिवंत आहे!" त्यानंतर जो आनंद व्हायचा तो यशस्वी उडीनंतरही व्हायचा नाही.

खरा कनीव्हलही असाच लोकांच्या मनात राहिला. २६ मे १९७५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये तो १३ बसवरून उडाला, आपटला, कंबरेचं हाड पुन्हा मोडलं, तरी आधार घेत उभा राहून निवृत्ती जाहीर केली. निवृत्ती मोडून त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ओहायोतल्या किंग्ज आयलंडला १४ बसवरून तो नीट उतरला. पण जगाच्या आठवणीत वेम्बली जास्त आहे.

आता तारेचं. धातूची तार पुन्हापुन्हा त्याच जागी वाकवली की ती तिथे कडक होत जाते, मग त्यात सूक्ष्म भेग पडते, आणि एके दिवशी तुटते. गुडघा आणि कोपर याच कारणाने गेले. दादाने जितक्या वेळा तो पाय सरळ केला, त्या प्रत्येक वेळेचा हिशेब त्या तारेत जमा झाला होता. हे तुटणं मला दोष वाटत नाही. ते या बाहुलीवर लिहिलेलं आमचं बालपण आहे, आणि आता पुढच्यासाठी नवी तार घालायची आहे.

पद्धत : पाय कोमट पाण्यात धरून व्हिनाइल मऊ केलं. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. गुडघ्याच्या मागच्या बाजूला, सूटखाली झाकलं जाईल अशा जागी, उभी छोटी चीर दिली. तुटलेल्या तारेची टोकं बाहेर काढून बोथट केली. जोडीला पिळलेली मऊ ॲल्युमिनियमची तार घातली, ॲनिमेशनच्या बाहुल्यांच्या सांगाड्यात वापरतात तसली. टोकांना बारीक वळी केली, म्हणजे वाकवताना ती कातडी फाडून बाहेर येणार नाहीत. चीर लवचीक राहणाऱ्या गोंदाने बंद केली. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे चालत नाही, तो सुकून काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच वाकण्यात निघतो. कोपरालाही हेच.

१० फेब्रुवारी

सूट धुतला. आधी आतल्या शिवणीला ओला कापूस लावून रंग सुटतो का ते पाहिलं. नाही सुटला. थंड पाणी, साधा साबण, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सुकवला.

१६ फेब्रुवारी

पिवळेपणाचा प्रश्न. टाकीचं पांढरं प्लॅस्टिक उजेडाने आणि हवेने साईसारखं पिवळसर झालंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवलं तर ते पुन्हा पांढरं होतं, आणि जुन्या खेळण्यांची कामं करणारे कितीतरी लोक ते करतात. मी करणार नाही. पिवळेपणा काही महिन्यांत परत येऊ शकतो हे एक कारण, स्टिकरच्या खालचा भाग वेगळा पडतो हे दुसरं. खरं कारण मात्र वेगळं आहे : टाकीवरचा घासलेला पट्टा आमच्या जिन्याच्या पायरीचा आहे. दादाने ठरवलं होतं की एकदा तरी गाडी जिन्यावरून गेली पाहिजे. ती गेली. पांढऱ्याशुभ्र टाकीवर तो पट्टा परका दिसेल, पिवळसर टाकीवर तो घरचा आहे.

स्टिकरच्या कडा मात्र पातळ गोंदाने परत बसवल्या. त्या उघड्या राहिल्या तर खेळताना आणखी फाटतील.

२३ फेब्रुवारी

दादाशी फोनवर बराच वेळ बोललो. गिअर आला, गुडघा बसला, असं सांगत होतो. त्याने मधेच विचारलं, "अरे, पण त्या माणसाचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे ना?"

माहीत आहे, आणि या नोंदींत ते असायलाच हवं. ८ सप्टेंबर १९७४ रोजी आयडाहोतल्या स्नेक नदीच्या दरीवरून तो वाफेच्या रॉकेटवर उडाला. स्कायसायकल एक्स-२ नावाचं ते यान रॉबर्ट ट्रुऑक्स या अभियंत्याने बनवलं होतं. सुटतानाच पॅराशूट उघडलं आणि यान तरंगत दरीत, नदीजवळ उतरलं. तिथवर तरी गोष्ट उडीचीच होती. १९७७ साली मात्र त्याने आपल्यावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली, हात मोडला, आणि त्यासाठी सहा महिन्यांची शिक्षा भोगली. मुलांच्या खेळण्यावर अशा माणसाचं नाव राहणं शक्य नव्हतं. ही खेळणी बंद झाली. ज्या माणसाने ड्रग्जपासून दूर राहा असं मुलांना जाहीरपणे सांगितलं होतं, त्यानेच हे करावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी दादाला म्हटलं, मला त्या माणसाची बाजू घ्यायची नाही. ज्याला मार बसला त्याचं दुखणं कुठल्याही उडीपेक्षा मोठं आहे. पण हे चाक, हे गिअर, ही तार ज्यांनी विचार करून बसवली ती माणसं वेगळी होती. आयडियलच्या कारखान्यातल्या त्या डिझायनरांची नावं खोक्यावर नव्हती. मी दुरुस्त करतोय ते त्यांचं काम. दादा थोडा वेळ थांबून म्हणाला, "मग हेल्मेटवर नाव नको घालूस. तसंच राहू दे." हेल्मेटवर काही घालायचा बेतच नव्हता, पण त्याचं म्हणणं पटलं.

१ मार्च

जोडणी. आसाला घड्याळाच्या तेलाचा बारीक थेंब, फक्त धातू धातूवर घासतो तिथे. गिअरच्या दातांना प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, अगदी पातळ हात. जास्त ग्रीस म्हणजे सतरंजीचे धागे पुन्हा गोळा.

मागच्या टायरचं रबर वरून कडक झालंय, तरी भेगा नाहीत. तोच ठेवला. मऊ नवा टायर पकड जास्त देईल, पण गाडी सुटताना चाक थोडं घसरतं आणि मग पकड घेते, ती पहिली फर्र ऐकायचीच आहे.

हँडल फिरवलं. करकर नाही. आवाज हळूहळू वर चढत गेला, गुणगुण, मग शीळ. तो आवाज मी इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो, आणि तो तंतोतंत तोच निघाला.

८ मार्च

उडीची फळी. इथे भावनेपेक्षा भौतिकशास्त्राचं ऐकावं लागतं.

कमी वेगात गाडी फळीच्या टोकावरून गेली की नाक खाली घालते. पुढचं चाक आधी सुटतं, मागचं अजून फळीवर असतं, तेवढ्या वेळात पुढचा भाग खाली कलायला लागतो. वेग जितका जास्त, तितका हा वेळ कमी. शिवाय हवेत आसावरच्या घर्षणामुळे फिरणारं चाक आपल्या फिरण्यातला थोडासा वाटा गाडीला देतं, आणि तोही नाक खालीच नेतो. खऱ्या मोटोक्रॉसमध्ये स्वार हेच उलटसुलट वापरतात : हवेत थ्रॉटल दिला की नाक वर येतं, मागचा ब्रेक दाबला की खाली जातं. आमच्या स्वाराकडे थ्रॉटल नाही, म्हणून आस मोकळा फिरणं इतकं महत्त्वाचं. सुकलेलं वंगण साफ केल्याचा फायदा जमिनीवर दिसतो तसा हवेतही दिसला.

फळीचं टोक सरळ न ठेवता किंचित वर वळवलं. उतरायला दुसरी फळी, उताराची. कनीव्हलच्या मोठ्या उड्यांमध्येही पलीकडे उताराची फळी असायची, कारण उताराला समांतर उतरलं की आपटण्याचा जोर पुढे पळण्यात जातो. सपाट जमिनीवर तो सगळा गाडीत आणि हाडांत जातो.

स्वार नव्या गुडघ्यावर नीट बसतो. उतरताना पाय पेडलवरून निघाला, पण तुटला नाही. तार बरोबर वाकली.

१५ मार्च

दादा आला, नातीला घेऊन. ती सात वर्षांची आहे. तिने आधी चाक हाताने फिरवून पाहिलं, मग विचारलं, "बॅटरी कुठे आहे?" लाँचर दाखवला. हँडल तिच्या हाताला जरा जड जातं, म्हणून दादाने लाँचर दाबून धरला आणि तिने दोन्ही हातांनी फिरवलं. गाडी सुटली ती खुर्चीखालून थेट दारापर्यंत.

त्यानंतर दुपारभर आम्हा दोघांना फारसं काम उरलं नाही. फळी कुठे ठेवायची ते तिने ठरवलं. मोटारींऐवजी तिने आडव्या पुस्तकांची भिंत उभी केली. दादा समालोचन करू लागला तर तिने त्याला थांबवलं, कारण तिला स्वतःच करायचं होतं. एका उडीत स्वार उशीवर जाऊन पडला, डोकं खाली, पाय वर. तिने तो उचलला, पाय सरळ केला, आणि काही न शिकवता त्याचा गुडघा पुन्हा योग्य कोनात वाकवला.

गाडी तिच्याबरोबर गेली. लाँचरच्या खोक्यात दुसरा ॲसिटलचा गिअर, पिळून ठेवलेल्या तारेची जोडी आणि घड्याळाच्या तेलाची छोटी बाटली ठेवली आहे. झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलंय : ग्रीस थोडंच, पाणी कोमट, सुपरग्लू नको. पुढची दुरुस्ती कधी लागेल ते ती किती खेळते त्यावर आहे. गुडघा आधी जाईल, उजवा.